बांधावरची बाटली

प्रस्तावना

कापूस वेचणीच्या दिवसांत पिंगळीच्या शिवारात सकाळी बायांची रांग निघते. काखेत भाकरीचे गाठोडे, कमरेला ओटी बांधायचे जुने लुगडे आणि हातात दोन लिटरची बाटली. कधीकाळी त्या बाटलीत थंड पेय होते. आता पाणी असते, आणि ते गार राहावे म्हणून बाहेरून गोणपाट शिवून ओले केलेले असते. शेतावर पोचले की बाटल्या बांधावरच्या बाभळीखाली ओळीने उभ्या राहतात. दुपारी भाकरी सोडली की झाकणे उघडतात. दिवस मावळताना बाया परततात तेव्हा बऱ्याच बाटल्यांत अर्धे पाणी तसेच असते. घराजवळ आल्यावर ते दारातल्या लिंबाला नाहीतर तुळशीला घातले जाते.

ही पुस्तिका त्या उरलेल्या अर्ध्या बाटलीमुळे लिहिली गेली.

मी याच गावचा. परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या गाडीत बसले की पुढचे स्टेशन पिंगळी. आरोग्याच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आणि त्या वर्षांत 'भरपूर पाणी पीत जा' हे वाक्य मी किती वेळा उच्चारले याची गणती नाही. समोरची बाई मान हलवायची, मी पुढच्या माणसाकडे वळायचो. एकदा मात्र बांधावरच बसून, माझ्या आईच्या वयाच्या एका मावशींना विचारले, की एवढे ओझे वागवत आणता, मग पीत का नाही? त्या म्हणाल्या, "पेलं की जावं लागतंय, बापू. चहूकडं माणसं. जावं कुठं?" शेजारची म्हणाली, "अन् घडीघडी बांधावर यावं तर दिवसाकाठी दोन किलो कापूस कमी भरतोय." वेचणीची मजुरी किलोवर मिळते. पाण्याच्या एका घोटाची किंमत त्यांनी माझ्यापेक्षा कितीतरी बारकाईने काढून ठेवली होती.

त्या दिवसापासून माझे वाक्य मला अपुरे वाटू लागले. पाण्याच्या महतीवर मराठीत लिखाण पुष्कळ आहे. पण ते वाचताना वाटते की पिणारा माणूस कायम घरात बसलेला आहे, हाताशी माठ आहे आणि चार पावलांवर मोरी आहे. आमच्या तालुक्यातली निम्मी माणसे दिवसाचे आठ तास अशा जागी नसतात. म्हणून या पुस्तिकेत शरीराला पाणी का लागते हे तर आहेच, पण ते माणसाच्या तोंडापर्यंत का पोचत नाही, यालाही तेवढीच जागा दिली आहे.

आधी शरीराकडे पाहू.

मोठ्या माणसाच्या वजनातला निम्म्याहून अधिक भाग पाण्याचा असतो. पुरुषात साधारण साठ टक्के, बाईत त्याहून थोडा कमी, तान्ह्या बाळात बराच जास्त. दोन मूत्रपिंडे दिवसभरात रक्तातून सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला जवळजवळ सगळा परत रक्तात घेतात. बाहेर पडते ती दीड-दोन लिटर लघवी. हा हिशेब मी लोकांना सांगतो तेव्हा ते चकित होतात, आणि व्हावेच. रक्त किंचित दाट झाले की मेंदूला कळते. तो एकीकडे तहान जागी करतो आणि दुसरीकडे मूत्रपिंडांना निरोप धाडतो की पाणी सोडू नका, राखून ठेवा. लघवी गडद पिवळी होते ती या निरोपामुळे. तो रंग म्हणजे शरीराने काटकसर सुरू केल्याची खूण.

ही काटकसर शरीर निभावून नेते. एक दिवस, चार दिवस, एखादा हंगामही. त्यामुळे कमी पाणी पिणाऱ्या माणसाला आपण कमी पितो हे जाणवतच नाही. त्याला जाणवते ते दुसरेच काही: दुपारी डोके ठणकते, अंग मोडून येते, शौचाला खडा होतो, काम करताना चिडचिड होते. बाया म्हणतात, "उन्हाळी लागली." लघवीच्या जळजळीला आपल्या भाषेने ऋतूचेच नाव दिले आहे. असा शब्द एका पिढीत तयार होत नाही. पाणी कमी पडले की लघवी दाट होते, आग होते. ती तासन् तास दाबून धरली तर मूत्राशयात जंतूंना वाढायला वेळ मिळतो. रोग म्हणून औषध दिले जाते, बरे वाटते, आणि पुढच्या वेचणीला तीच बाई त्याच तक्रारीसाठी येते.

मुतखड्याचेही तसेच. ज्याने ती कळ सोसली आहे त्याला वर्णन नको, आणि ज्याने सोसली नाही त्याला ते सांगून कळत नाही. मी स्वतः ती सोसली आहे, पस्तिशीत, ऐन मे महिन्यात. दाट लघवीत क्षार विरघळून राहत नाहीत, त्यांचे खडे जमतात. इटलीतल्या डॉक्टरांनी १९९६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्यांदाच मुतखडा झालेल्या १९९ जणांपैकी निम्म्यांना भरपूर पाणी प्यायला सांगितले, निम्म्यांना काही सांगितले नाही. पाच वर्षांत पाणी पिणाऱ्यांपैकी १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्या गटात २७ टक्क्यांना. गोळी नाही, पथ्य नाही, फक्त पाणी. पाणी पिण्याच्या फायद्यांबद्दल जे काही बोलले जाते त्यात इतका स्वच्छ पुरावा फार थोड्या गोष्टींना आहे. चेहऱ्यावर तेज येते, शरीरातली 'घाण' धुऊन निघते असे जे सांगतात, ते मी या पुस्तिकेतून मुद्दाम गाळले आहे.

मग प्यावे किती? हा प्रश्न प्रत्येक सभेत येतो, आणि आठ ग्लास हे उत्तर विचारणाऱ्याला आधीच ठाऊक असते. या आठ ग्लासांच्या पाठीशी ठोस संशोधन नाही. अमेरिकेतल्या अन्न व पोषण मंडळाने १९४५ मध्ये मोठ्या माणसाला दिवसाला अडीच लिटर पाणी लागते असे म्हटले होते. त्यातले बरेचसे जेवणातूनच मिळते, हेही तिथेच लिहिले होते. तेवढे मात्र लोक विसरले. २००२ मध्ये हाइन्झ व्हॅल्टिन या मूत्रपिंडांच्या अभ्यासकाने आठ ग्लासांचा पुरावा शोधला आणि तो सापडत नाही असे लिहिले. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१० मध्ये दिलेला अंदाज पुरुषाला अडीच आणि बाईला दोन लिटरचा आहे. तोही वरण, ताक, चहा, फळे, भाज्या सगळे धरून, आणि समशीतोष्ण हवेत बेताचे काम करणाऱ्यासाठी. परभणीचा मे महिना त्यात धरलेला नाही.

आपल्याकडचा जुना विचार मला इथे जास्त समंजस वाटतो. वाग्भटांनी अष्टांगहृदयात पाण्याबद्दल सांगताना शरद आणि ग्रीष्म हे दोन ऋतू वेगळे काढले. या दोन ऋतूंखेरीज एरवी निरोगी माणसानेही पाणी बेताने प्यावे, असा त्यांचा सल्ला. सगळ्यांना बारा महिने एकच माप त्यांनी दिले नाही. आणि शरद म्हणजे काय? ऑक्टोबरचा उकाडा, सोयाबीनची काढणी, कापसाची पहिली वेचणी. उन्हाळ्यात माणूस सावध असतो, दुपारी घरी थांबतो. फसगत होते ती ऑक्टोबरात. पाऊस नुकताच गेलेला, रान हिरवे, आणि वरून ऊन मात्र चैत्रासारखे.

उन्हात कष्ट करणाऱ्याच्या अंगातून तासाला लिटरभर घाम सहज जातो. एवढे पाणी भाकरीच्या वेळी एकदम पिऊन भरून निघत नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर, असा उन्हातल्या कामगारांसाठीचा सल्ला आहे, आणि तो तहान लागण्याची वाट न पाहता पाळायचा. घामाबरोबर मीठही जाते. त्याची भरपाई करायला आपल्या स्वयंपाकघरात बाटलीबंद पेयांपेक्षा चांगल्या गोष्टी आहेत: मीठ घातलेले ताक, ज्वारीची आंबील, कैरीचे पन्हे. माझी आजी उन्हाळ्यात आंबील गाडग्यात भरून शेतात न्यायची. तिला घामाचे रसायन ठाऊक नव्हते, पण ती नेत असे ते बरोबर होते.

थंडीत अडचण उलटी. आमच्याकडे डिसेंबरात शेकोटीशिवाय बसवत नाही, आणि त्या दिवसांत तहान जणू झोपी जाते. म्हाताऱ्या माणसांत तर ती बाराही महिने मंद झालेली असते. आजोबांना तहान लागत नाही म्हणजे त्यांच्या शरीराला पाणी नको आहे, असे समजू नये. पेला भरून त्यांच्या हातात द्यावा लागतो. तान्ह्या बाळाचे मात्र वेगळे. पहिले सहा महिने त्याला फक्त आईचे दूध, उन्हाळा असला तरी वरून पाणी नको. पाणी आईने प्यायचे, नेहमीपेक्षा तीन-चार पेले जास्त.

काही जणांनी हे सगळे वाचून आपले प्रमाण वाढवू नये, हेही इथेच सांगतो. हृदय कमजोर असलेले, मूत्रपिंडे निकामी होत चाललेले, पाय सुजणारे, यांना डॉक्टर पाणी मोजून देतात. त्यांनी तेच माप धरावे. आणि धडधाकट माणसालाही पाण्याचा अतिरेक सोसत नाही. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या धावपटूंपैकी १३ टक्के जणांच्या रक्तातले मीठ हवे त्यापेक्षा खाली गेले होते, आणि त्यात धावताना खूप पाणी पिणारे पुढे होते.

आता पाणी तोंडापर्यंत पोचण्याची गोष्ट. तिच्याकडे मी जास्त ओढीने वळतो.

या जिल्ह्यात पाण्याशी माणसाचे नाते दगडात कोरलेले आहे. पिंगळीत जुनी बारव आहे, चारठाण्यात आहे, आणि सेलू तालुक्यातल्या वालूरची चक्राकार बारव तर गावकऱ्यांनी २०२१ मध्ये गाळ उपसून पुन्हा मोकळी केली. बारवेच्या पायऱ्या उतरताना मला नेहमी वाटते की हे बांधणाऱ्याने पिणाऱ्याचा विचार केला होता. पाणी खाली गेले तर माणूसही त्याच्यापाठोपाठ खाली उतरू शकेल, अशी ती रचना. कड्यावर टेकायला जागा, देवळी, सावली.

पण त्या पायऱ्या कुणाला उतरता येत होत्या, हा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्यायले. सगळ्या पृथ्वीवर कुत्र्या-मांजरांना खुले असलेले पाणी माणसाला मिळावे यासाठी सत्याग्रह करावा लागला. मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत त्यानंतरही वाड्यांच्या दारात वरून ओंजळीत पाणी ओतले जायचे. तसे पाणी पिणारी माणसे मी लहानपणी पाहिली आहेत. कुणाच्या दारात उभे राहून पुन्हा मागावे लागेल म्हणून तहान मारायची सवय एका पिढीने दुसरीला दिली, आणि ती रांजण घरात आला म्हणून एका दिवसात जात नाही.

पाणी वाहायचे कुणी, हेही आपल्या कथांत नोंदलेले आहे. गंगाखेड आमच्याच जिल्ह्यातले. तिथल्या जनाबाईसाठी विठ्ठल दळायला बसला, पाणी भरायला गेला, असे घराघरांत सांगतात. देवाला मदतीला यावे लागले ती कामे कोणती, ते पाहिले की बाईच्या दिवसाचा भार कळतो.

१९७२ च्या दुष्काळाबद्दल जुनी माणसे म्हणतात, तेव्हा धान्य नव्हते पण विहिरींना पाणी होते. पुढच्या दुष्काळांत उलट झाले. बाहत्तरच्या सुमारास आपल्या काळ्या पाषाणात बोअर घेण्याची यंत्रे आली आणि गावोगाव हापसे उभे राहिले. या हापशाची कुळकथा थेट मराठवाड्यातली आहे. जालन्याच्या मिशनमध्ये घडवलेला पोलादी हातपंप सोलापुरात सुधारला गेला, आणि त्यावरून सत्तरच्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने 'इंडिया मार्क टू' तयार झाला. पुढे तो आशिया-आफ्रिकेतल्या असंख्य खेड्यांत गेला. जालना-सोलापूरच्या माणसांनी जगाला पाणी हापसायला दिले, ही गोष्ट आमच्या मुलांच्या पुस्तकात नाही. ती असायला हवी.

हापशानंतर नळ आले. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनचे माप माणशी रोज ५५ लिटरचे आहे. नळ कोरडे पडले तर काय होते तेही आपण पाहिले: एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. नळाच्या पाण्यात ग्रामपंचायत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पूड, टाकते. त्याचा वास येतो म्हणून लोक जारकडे वळतात. लग्नात, दुकानात, आता घरातही वीस लिटरचा थंड जार असतो. थंड असणे आणि शुद्ध असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, यावर पुस्तिकेत एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात तुरटी, उकळणे, क्लोरीनचे थेंब, माठ धुण्याची पद्धत आणि ओगराळ्याने पाणी काढण्याचे महत्त्व असे साधेसुधेच आहे. तिथे मी फार रेंगाळलो नाही, कारण आशाताई हे सगळे दारोदार जाऊन सांगतात आणि माझ्यापेक्षा चांगले सांगतात.

जलसंजीवनीवरही प्रकरण आहे. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायच्या सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपात कालवून नातेवाइकांच्या हाती दिले आणि पाजायला लावले. छावणीतले मृत्यू तीस टक्क्यांच्या आसपास होते, ते चार टक्क्यांच्याही खाली आले. लिटरभर स्वच्छ पाणी, सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. प्रत्येक घरात हे माप तोंडपाठ असावे असे मला मनापासून वाटते. प्रमाण महत्त्वाचे आहे, मीठ अंदाजाने वाढवू नये.

आणि आता पुन्हा शेतात.

मध्य अमेरिकेत एल साल्वादोर आणि निकाराग्वा या देशांत ऊस तोडणारी तरुण माणसे मूत्रपिंडे निकामी होऊन मरू लागली. त्यांना मधुमेह नव्हता, रक्तदाब नव्हता. एकच कारण ठरलेले नाही, पण रणरणत्या उन्हात अंगमेहनत आणि वारंवार आटणारे शरीर याचा त्यात मोठा वाटा असावा, असे अभ्यासक मानतात. तिथल्या काही कारखान्यांनी पाणी, विश्रांती आणि सावली या तीन गोष्टी कामाच्या वेळापत्रकातच घातल्या: पाण्याचे साठे तोडणीच्या फडापर्यंत नेले, हलवता येणारे तंबू उभारले, ठरावीक वेळाने काम थांबवले. मजूर जास्त पाणी पिऊ लागले, आणि काम घटले नाही. हे वाचताना मला परभणी-बीडच्या तांड्यांवरून दिवाळीनंतर कारखान्यांकडे निघणारे ट्रॅक्टर दिसतात. उचल घेतलेले जोडपे पहाटे फडात उतरते. त्यांच्यासाठी पाणी कोण नेतो, आणि बाईने लघवीला कुठे जायचे, हे कोणत्या करारात लिहिलेले असते?

रोजगार हमीच्या कायद्यात कामाच्या जागी पिण्याचे पाणी आणि सावली द्यावी असे लिहिलेले आहे. खासगी शेतात ते शेतमालकाच्या मनावर. मी स्वतः शेतमालक आहे, म्हणून हे मी दुसऱ्याला सांगण्याआधी स्वतःला सांगितले. शाळेत मात्र एक चांगली वाट दिसते. केरळमध्ये २०१९ पासून शाळांत दिवसातून काही वेळा फक्त पाणी पिण्यासाठी घंटा वाजू लागली, आणि ती कल्पना पुढे इतरत्रही गेली. घंटा झाली की सगळ्यांनी प्यायचे, मग एकट्या मुलीला हात वर करून विचारावे लागत नाही. पण घंटेबरोबर मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी आणि आत पाणी हवे. नाहीतर मुली घोट घेतल्यासारखे करतात आणि बाटली दप्तरात परत ठेवतात. हे मला एका सातवीतल्या मुलीने सांगितले, मी विचारले नसतानाही.

या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर फिक्यापासून गडदपर्यंत रंगांची पट्टी छापली आहे. ती कापून शौचालयाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावी. वरचे दोन रंग असले तर ठीक, खालचे दिसले तर पाणी प्यावे. वाचता न येणाऱ्यालाही ती कळते. मजकूर मोठ्याने वाचता येईल एवढ्या छोट्या प्रकरणांत ठेवला आहे, कारण गटाच्या बैठकीत एकीने वाचावे आणि बाकीच्यांनी ऐकावे अशीच त्याची वाट आहे.

त्या मावशींच्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. गेल्या वेचणीला माझ्या शेतात चार बांबू रोवून जुन्या शेडनेटचा आडोसा केला. पाण्याची कॅन कापसाच्या ओळीच्या मध्यावर ठेवून वेचणी पुढे सरकेल तशी तीही सरकवली. कॅन उचलायला एक पोरगा लागला, त्याची मजुरी वेगळी पडली. शेजारच्या दोघांना तसे करायला सुचवले. एकाने जाळी मागून नेली. दुसरे म्हणाले, बायांना आजवर कधी अडचण आली नाही. त्यांच्या धुऱ्यावर अजून बाटल्या ओळीने उभ्या असतात, आणि संध्याकाळी त्या अर्ध्या भरलेल्याच परत जातात.